पट्टीवरचा ताजा कलम

ज्याला ऐकायचंच नसतं त्याला समजावणं एक वेळ सोपं. दोनदा सांगावं, तिसऱ्यांदा हात जोडावेत आणि मोकळं व्हावं. पण सांगाल तेवढंच आणि सांगाल तस्संच ऐकणारा भेटला, की सांगणाऱ्याची खरी कसोटी लागते. प्राचीची गाठ असल्याच एका ऐकणाऱ्याशी पडली होती, आणि त्याला समजावणं हीच तिची नोकरी होती.

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात तिचं ऑफिस. तिचे आजोबा याच आवारात तीस वर्षं साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, उभे होते. डिलाईल रोडच्या चाळीतून ते जेवढ्या वेळात चालत यायचे तेवढ्याच वेळात नातही यायची, फक्त भोंगा नव्हता. तिची कंपनी चॅट एजंट बनवायची. एजंट म्हटलं की प्राचीच्या आईच्या डोळ्यांपुढे विम्याचा माणूस उभा राहायचा, आणि आपली पोर त्याच्या हाताखाली काय करते हे तिला कोणाला धड सांगता यायचं नाही. खरं तर हा एजंट म्हणजे फोनवर लोकांच्या संदेशांना उत्तरं देणारं यंत्र. त्याला स्वतःचे हातपाय नसतात. त्याच्या हाताशी छोटी छोटी साधनं द्यावी लागतात: एक तारखा बघायचं, एक नोंद करायचं, एक आधीचे संदेश वाचायचं. प्रत्येक साधनासोबत चार ओळींचा कागद असतो, हे कशाचं, कधी वापरायचं, कसं वापरायचं. यंत्र तो कागद वाचतं आणि त्याबरहुकूम वागतं. असे कागद लिहायचं काम प्राचीचं.

संदेश वाचायचं साधन वैभवने बनवलं होतं. वैभव हुशार पोरगा, पण बोलायला कंजूस. साधन तयार झालं तेव्हा त्याने प्राचीला एवढंच सांगितलं होतं, "सिंपल आहे गं. मेसेज वाचून आणतं. वेगळं काय लिहायचं त्यात?" प्राचीलाही ते पटलं. तिने लिहिलं, "हे साधन या संभाषणातले संदेश वाचून आणते. उत्तर देण्याआधी वापरावे." इंग्रजीत दोन वाक्यं. तिने ती पाच मिनिटांत लिहिली आणि चहा प्यायला खाली उतरली. त्या पाच मिनिटांची आठवण पुढे तिला फार दिवस टोचत राहिली.

एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्याने तो एजंट तीन महिन्यांसाठी वापरून बघायला घेतला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या तारखा देणं हे त्याचं काम. माझगावला राहणारे रमाकांत म्हणून एक गृहस्थ, गोदीतून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर. एका बोटाने टाइप करायचे आणि दोन शब्द झाले की पाठवून द्यायचे, न जाणो लिहिलेलं पुसलं गेलं तर. तारीख हवी एवढं सांगायला त्यांनी एकतीस संदेश पाठवले. नमस्कार. मी रमाकांत. मुलगी नर्स आहे. गुरुवारी तिची. ड्युटी असते. गुरुवार सोडून. कोणताही वार. मग डावा डोळा की उजवा, साखर किती, कागद कुठले आणू, असं बरंच काही. एजंटने उत्तर दिलं, आदराने आणि गोड भाषेत: आपली शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता, सोबत घरचं एक माणूस आवश्यक.

रमाकांतांनी त्यावर "बरं" एवढंच पाठवलं. दवाखान्यानेच सांगितलंय म्हणजे काहीतरी विचार केला असेल, असं त्यांना वाटलं. गुरुवारी ते एकटेच गेले. सकाळपासून उपाशीपोटी बाकावर बसले, आणि सोबत माणूस नाही म्हणून दुपारी चार वाजता त्यांना परत पाठवलं. पुढची तारीख दीड महिन्याने.

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या व्यवस्थापक सुरुची मॅडमचा फोन आला. त्या आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. काय झालं ते सोमवारी अकरा वाजता सांगा, नाहीतर थांबू या, एवढंच म्हणाल्या.

मीटिंगमध्ये निलेश, म्हणजे प्राचीचा साहेब, खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होता. छताकडे बघत असला की तो आधीच काहीतरी ठरवून आलेला असतो.

"मॉडेलचा प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. मॉडेल म्हणजे एजंटच्या आतलं ते वाचणारं यंत्र. "पुढचं व्हर्जन टाकतोय म्हणून सांगू. सगळेच असं सांगतात, आणि क्लायंटला पण ते कळतं."

"मॉडेल मठ्ठच आहे रे," वैभव म्हणाला. "साधन बरोबर चालतंय. एका वेळी वीस मेसेज आणतं, शेवटचे वीस. अजून असले तर खाली खूण टाकतं, मोअर म्हणून. त्याने खूण बघून मागचे मागवायला नकोत का?"

प्राचीने लॅपटॉपवर आपलाच कागद उघडला. दोन वाक्यं. वीस हा आकडा त्यात नव्हता. खुणेचा तर पत्ताच नव्हता. त्या यंत्राने वीस संदेश मागवले, मिळाले, वाचले, आणि संभाषण एवढंच असं समजून उत्तर दिलं. गुरुवार नको हे आधीच्या अकरांत होतं.

आता बोलावं, असं तिला वाटलं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात निलेश म्हणाला, "ओके, मॉडेल. मी मेल ड्राफ्ट करतो," आणि सगळ्यांच्या खुर्च्या सरकल्या. पुढच्या महिन्यात प्राचीचं कंत्राट संपत होतं. वाढवायचं की नाही हे त्याच खुर्चीतून ठरणार होतं. खापर एका यंत्राच्या डोक्यावर फुटत होतं, आणि यंत्राला डोकं दुखत नाही. ती गप्प बसली.

संध्याकाळी सात वाजता ती नेहमीप्रमाणे कमलाबाईंच्या खोलीत गेली. एकाच मजल्यावर, प्राचीच्या घरापासून चार दारं सोडून. कमलाबाई आता ऐंशीच्या. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा कळायचा. रोज संध्याकाळी प्राची त्यांच्या फोनवर आलेले संदेश त्यांना वाचून दाखवायची. हे ती उपकार म्हणून करत नव्हती. वाचायला तिला शिकवलंच कमलाबाईंनी होतं.

तसं शाळेत सगळ्याच पोरांना वाचायला शिकवतात. पण दुसऱ्याचं दुसऱ्यासाठी वाचणं ही निराळी विद्या आहे आणि ती या चाळीत फक्त कमलाबाईंकडे होती. त्यांचे यजमान रामजी गिरणीत होते. लग्न होऊन आल्यावर त्यांनीच बायकोला रात्रशाळेत घातलं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाले होते म्हणे, यांचा फोटो लावायचा तर घरात अंगठा चालणार नाही. कमलाबाई शिकल्या आणि चाळभरच्या बायांची पत्रं वाचू लागल्या. सुरुवातीला कोकणातल्या बाया उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहूनच पत्र ऐकायच्या. का ते सगळ्यांना ठाऊक होतं, कमलाबाईंनाही. पण पत्रात सासूची तक्रार असते, नवऱ्याचं एखादं लचांड असतं, ते बाहेर गॅलरीत ऐकायचं म्हणजे चाळीला जाहीर करायचं. मग एकेक बाई उंबऱ्याच्या आत आली, आतल्या पाटावर बसली, आणि ऐकता ऐकता घसा कोरडा पडला की तिथलंच पाणी प्यायली. त्यासाठी कोणाला भाषण द्यावं लागलं नाही.

दहा वर्षांची असताना प्राचीला कमलाबाईंनी हाताखाली घेतलं. चाळीत फोन आले होते तरी गावाकडून अजून निळी आंतरदेशीय पत्रं यायची, आणि कमलाबाईंना चष्म्यातूनही बारीक अक्षर लागेनासं झालं होतं. आधी पत्र कोणाचं आणि कोणत्या तारखेचं ते सांगायचं, मग वाचायचं. दोन आली असली तर जुनं आधी. लिहिलंय तेच वाचायचं, गोड करून नाही. अक्षर लागलं नाही तर लागत नाही म्हणायचं, अंदाजाने ठोकून द्यायचं नाही. आणि पत्र वाचून झालं की कमलाबाई ते घडी करून ज्याचं त्याला द्यायच्या आणि म्हणायच्या, "वाचलं नि विसरलं." त्यानंतर त्या पत्रातला शब्द त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकला नाही.

प्राचीने पहिल्याच आठवड्यात घोळ घातला होता. सुंदराबाईंच्या भावाने पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "हे पत्र वाचताच फाडून टाकणे." प्राची आज्ञाधारक पोर. तिने मोठ्याने वाचलं आणि सुंदराबाईंच्या देखत पत्राचे चार तुकडे केले. सुंदराबाईंचा आ वासलेला तसाच राहिला, कारण आतला पत्ता त्यांना उतरवून घ्यायचा होता. कमलाबाई पोट धरून हसल्या. मग पिठाची खळ करून तुकडे चिकटवत म्हणाल्या, "अगं, ते तुला लिहिलंय का? वाचणाऱ्याने वाचायचं. करायचं काय ते ज्याचं पत्र त्याने."

तो घोळ हसण्यावारी गेला. दुसरा गेला नाही.

दोन दारं पलीकडे शांतामावशी राहायची. तिच्या भावाचं संगमेश्वराहून पत्र आलं. कमलाबाई चुलीपाशी होत्या, म्हणाल्या, तूच वाच. प्राचीने वाचलं: पाऊसपाणी, भात, म्हैस, सगळ्यांचा नमस्कार. "संपलं," ती म्हणाली. शांतामावशी समाधानाने पत्र कनवटीला लावून गेली. पत्र चिकटवायच्या पट्टीवर, पाठवणाऱ्याच्या पत्त्याशेजारी, आडव्या बारीक अक्षरांत भावाने आणखी लिहिलं होतं. ता. क. आईचं काही खरं नाही. तुझं नाव घेते. पत्र मिळताच निघ. ते चार दिवसांनी शांतामावशीच्या मुलाला दिसलं. ती पोचली तेव्हा आईला पोचवून माणसं घरी परतली होती.

गावाहून आल्यावर शांतामावशी कमलाबाईंच्या दारात उभी राहिली. प्राची आत होती. मावशीचा आवाज ऐकताच ती खाटेखाली शिरली. तिला खाटेखालून मावशीचे पाय दिसत होते आणि समोर कमलाबाईंचे.

"पोरीन् वाचलान् ना ता?" शांतामावशीने विचारलं.

"वाचलं तिने," कमलाबाई म्हणाल्या. "पण चूक माझी. संपलं कधी म्हणायचं ते मी तिला शिकवलंच नव्हतं. पोर सांगितलं तेवढं वाचणार. मागे, कडेला, पट्टीवर बघ, हे सांगायचं काम माझं होतं, शांता. तुझ्या आईचं तोंड बघायचं माझ्यामुळे राहिलं."

पायांचा एक जोड बराच वेळ हलला नाही. मग निघून गेला.

त्यानंतर आठ महिने चाळीतलं एकही पत्र कमलाबाईंकडे आलं नाही. बाया पोस्टाबाहेरच्या माणसाकडे जायला लागल्या. काहींनी बोलायचं ते बोलून घेतलं, जात काढूनही. कमलाबाईंनी कोणाला उलट उत्तर दिलं नाही, की चूक पोरीची म्हणून कोणाच्या कानात सांगितलं नाही. प्राचीला त्या रोज जुनं एखादं पत्र द्यायच्या, उलटंपालटं करून वाचायला लावायच्या आणि विचारायच्या, "पुढे?" ती म्हणायची, संपलं. त्या म्हणायच्या, "मागून बघितलंस?" आठ महिन्यांनी जी पहिली बाई पत्र घेऊन आत येऊन बसली, ती शांतामावशी होती. कमलाबाईंनी ते पत्र तिच्या देखत प्राचीच्या हातात दिलं.

या सगळ्याला चोवीस वर्षं झाली. शांतामावशी विरारला मुलाकडे गेली. प्राची शिकली, नोकरीला लागली, आणि खाटेखालच्या त्या दुपारबद्दल कमलाबाईंशी एक अक्षरही बोलली नाही. आधी भीतीने, मग लाजेने, आणि नंतर इतका उशीर झाला होता की सुरुवात कुठून करायची ते कळेना.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी तिने कमलाबाईंचा फोन घेतला. नागपूरला शिकणाऱ्या नातीचा, प्रितीचा संदेश होता.

"प्रिती, आज दुपारी तीन वाजता," प्राची म्हणाली. "जय भीम आजी. पेपर चांगला गेला. काळजी करू नको."

"पुढे?"

"संपलं."

"वर बघितलंस?"

प्राचीने बोटाने पडदा खाली ओढला. वर, सकाळचा, न वाचलेला संदेश होता. "हा सकाळी आठचा. आजी, आज पेपरला जाताना तुझी आठवण आली. रविवारी बारा वाजता फोन करते, घरीच थांब."

"बघ," कमलाबाई म्हणाल्या. "मी रविवारी बाराला विहारात जाणार होते."

कमलाबाईंचे डोळे गेले होते, कान नाही. "आवाज उतरलाय तुझा," त्या म्हणाल्या. "सांग."

प्राचीने रमाकांतांची गोष्ट सांगितली. यंत्राने एकतीसपैकी वीसच संदेश कसे वाचले, म्हातारा कसा बाकावर बसून राहिला. ऑफिसात काय ठरलं तेवढं सांगितलं नाही.

कमलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या वाचणाऱ्याला कोणी सांगितलं होतं का, कुठवर वाचायचं ते?"

"नाही," प्राची म्हणाली.

"मग?"

एवढंच म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला चाचपडत उठल्या. प्राची त्या मिनिटाला पुन्हा दहा वर्षांची झाली होती. फरक एवढाच, की या वेळी खाटेऐवजी ती यंत्राच्या आड लपली होती आणि तिच्यासाठी उभं राहायला बाहेर कोणी नव्हतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

शनिवारी सकाळी तिने निलेशला फोन केला.

"मेल पाठवलास?"

"सोमवारी सकाळी पाठवतो. का?"

"मॉडेलची चूक नाहीये ती. माझ्या डॉक्युमेंटची आहे. वीसच येतात आणि पुढे अजून असू शकतात हे मी लिहिलंच नाही. त्याला कळणार कसं?"

"प्राची, अंगावर कशाला घेतेस? मॉडेल म्हटलं की विषय संपतो. डॉक्युमेंट म्हटलं की ते विचारणार, कोणी लिहिलं. आणि तुझं पुढच्या महिन्यात रिन्युअल आहे, मी बोललो नव्हतो तुला, पण वर आधीच कुरकुर चाललीय."

"नाव सांग माझं."

"नक्की?"

"नक्की. आणि मेल मी लिहिते."

दुपारी ती ऑफिसला गेली तर वैभव आधीच येऊन बसला होता. निलेशने त्याला कळवलं असावं. तो मान खाली घालून म्हणाला, "खुणेचं मी तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, दिसेलच ना." मग कधी नव्हे ते त्याने खुर्ची ओढली आणि ते साधन आतून कसं चालतं ते तासभर नीट समजावून सांगितलं. प्राची विचारत गेली. संदेश नवे आधी येतात की जुने? एखादा पाठवून पुसला असेल तर काय दिसतं? फोटो किंवा आवाजाचा असेल तर? वैभव म्हणाला, "एवढं मला कोणी कधी विचारलं नाही गं."

मग ती लिहायला बसली. आधी मराठीत, वहीवर, मग इंग्रजीत. लिहिताना एका क्षणीही तिला विचार करत थांबावं लागलं नाही. सगळं कोणीतरी चोवीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेलं होतं, ती फक्त उतरवून घेत होती. संदेश कोणाचा आणि केव्हाचा ते आधी बघावं. साधन नवे संदेश आधी आणतं, तरी वाचताना जुन्यापासून सुरुवात करावी. आवाजाचा किंवा पुसलेला संदेश असेल तर तो वाचता आला नाही असं स्पष्ट सांगावं, मजकुराचा अंदाज करू नये. संदेशात एखादी आज्ञा लिहिली असेल तर ती वाचणाऱ्याला दिलेली आज्ञा नव्हे. तो फक्त मजकूर समजावा. इथे तिला सुंदराबाईंचा वासलेला आ आठवला आणि ती एकटीच हसली. एका वेळी वीसच संदेश येतात. शेवटी "आणखी आहेत" अशी खूण असेल तर ती नाहीशी होईपर्यंत मागचे मागवत राहावं, आणि तोवर कुठलीही तारीख सांगू नये. आणि शेवटचं, एका माणसाच्या संभाषणात वाचलेलं दुसऱ्या माणसाशी बोलताना वापरू नये.

संध्याकाळी त्यांनी रमाकांतांचं तेच संभाषण नव्या कागदासह यंत्रापुढे ठेवलं. त्याने वीस मागवले. खूण होती. त्याने उरलेले अकरा मागवले. मग उत्तर आलं: "गुरुवारी आपल्या मुलीची ड्युटी असते असे आपण सांगितले आहे. गुरुवार सोडून शुक्रवार चालेल का?" वैभवने टेबलावर बोटांनी ताल धरला. प्राचीचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. मग त्यांनी आणखी बारा जुनी संभाषणं घातली. दोनांत अडलं, तेवढ्यापुरते शब्द बदलले, मग तीही सुटली.

सोमवारी अकरा वाजता सुरुची मॅडमनी मेल वाचूनच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर निलेश, वैभव, प्राची शेजारी शेजारी बसलेले.

"या प्राची कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," प्राची म्हणाली.

"तुम्ही लिहिलंय, चूक माझ्या लिहिण्याची होती, वाचणाऱ्याची नव्हती."

"हो मॅडम."

"माझ्याकडे सोळा कंपन्यांची मशिनं आहेत. सगळ्यांची चूक मशीनचीच असते. दुरुस्त कोणाला करायचं तेच मला कळत नाही. इथे निदान कळलं." मग त्यांनी अट घातली, की महिनाभर प्रत्येक तारीख त्यांचं माणूस तपासून मगच पाठवेल. आणि एक रुग्ण रद्द झाल्यामुळे रिकामा झालेला येत्या मंगळवारचा नंबर त्यांनी रमाकांतांना दिला. मुलीला मंगळवारी जमतं का ते मात्र तुम्ही विचारा, म्हणाल्या.

प्राचीने स्वतः फोन लावला. तिने नाव सांगितलं, काय झालं होतं ते सांगितलं, माफी मागितली.

"तुम्ही माणूस आहात ना?" रमाकांतांनी विचारलं.

"हो काका."

"मग ठीक आहे. मंगळवार चालेल, तिला सुट्टी असते. मला वाटलेलं, मीच काहीतरी उलटसुलट लिहिलं. मुलगी पण मलाच बोलली. आता तिला सांगतो, माझं बरोबर होतं." त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "थँक यू हां, पोरी."

आपण चूक करावी आणि वर थँक यू ऐकावं, याने प्राचीला कसंनुसं झालं. पण त्याच वेळी तिला हेही कळलं, की थँक यू कोणाला म्हणायचं ते माणसाने वेळेवर म्हणून टाकावं. रमाकांतांनी एका मिनिटात म्हटलं. तिचं चोवीस वर्षं राहिलं होतं.

कंत्राटाचं निलेश काही बोलला नाही. "बघू," म्हणाला. ते पुढच्या महिन्यात कळेल.

त्या संध्याकाळी ती चिंचपोकळीच्या बेकरीतली नानकटाई घेऊन कमलाबाईंकडे गेली. आधी प्रितीचा संदेश वाचला, वरखाली बघून. मग पर्समधून वही काढली आणि तो कागद मराठीत वाचून दाखवला. कमलाबाई खाटेवर पाय वर घेऊन, नानकटाईचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत होत्या. खाट तीच होती.

"कोणाला लिहिलंय हे?" त्यांनी विचारलं.

"त्या वाचणाऱ्या यंत्राला."

"बरंय. वळण लागेल त्याला." मग सवयीने, "पुढे?"

"संपलं," प्राची म्हणाली, आणि मग म्हणाली, "नाही काकू. अजून आहे. कागदावर नाही, पण आहे."

कमलाबाईंनी कान तिच्याकडे केला.

"शांतामावशी दारात आली होती तेव्हा मी इथे खाली होते, खाटेखाली. तुम्ही काय बोललात ते मी सगळं ऐकलं होतं. नंतरचे आठ महिने पण मला कळत होतं, लोक का येत नाहीत. तुम्ही माझं नाव घेतलं असतंत तर एका दिवसात सगळं संपलं असतं. तुम्ही नाही घेतलंत. माझ्यामुळे शांतामावशीचे चार दिवस गेले आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. तुमचे उपकार आहेत काकू. वाचायला शिकले त्याचे तर आहेतच. पण त्याहून त्या दुपारचे."

कमलाबाईंनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला, बोटं पदराला पुसली.

"कुठलं पत्र गं?" त्या म्हणाल्या.

"शांतामावशीचं. संगमेश्वराहून आलेलं. पट्टीवर ताजा कलम होता ते."

"मला नाही बाई आठवत. किती पत्रं वाचली, कोणाकोणाचं लक्षात ठेवू? वाचलं नि विसरलं." त्यांनी हवेत हात फिरवून प्राचीचा हात शोधला आणि धरून ठेवला. त्यांचा तळवा नानकटाईच्या तुपाने अजून मऊ होता. बाहेर गॅलरीत कोणीतरी बादली सरकवत होतं.

प्राचीला रडू येत होतं आणि थोडं हसूही. आभार मानायला यावं आणि ज्याचे मानायचे त्याने पावतीच देऊ नये. तिने दुसऱ्या हाताने वही मिटली.

"आणि चार नाही," कमलाबाई म्हणाल्या. "तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी तर शांता एस्टीत बसली होती. मीच सोडायला गेले होते तिला परळ डेपोला."

प्राचीने वर पाहिलं. कमलाबाईंचा चेहरा भिंतीकडे वळलेला होता, हात मात्र त्यांनी सोडला नव्हता.

"चहा टाक आता," त्या म्हणाल्या. "साखर बेताची."